डीयू कुठे बसवायचा? पुणे–खोपोली पट्ट्याच्या प्रकल्प नोंदी

12 फेब्रुवारी 2024

पट्टा नक्की झाला. पुण्याच्या पेठा, शिवाजीनगर, वाकड–हिंजवडी, पुढे तळेगाव, कामशेत, लोणावळा, खंडाळ्याचा घाट आणि पायथ्याला खोपोली. 3.3 गीगाहर्ट्झचा 5जी थर, 100 मेगाहर्ट्झचा कॅरिअर (सेलचा फ्रीक्वेन्सी-पट्टा), टीडीडी (पाठवणं आणि ऐकणं एकाच फ्रीक्वेन्सीवर, आळीपाळीने). रेडिओ कुठे लागणार हे जवळपास ठरलेलंच आहे, कारण टॉवर जुनेच. ठरवायचंय ते बेसबँडचं, म्हणजे सिग्नलवर प्रक्रिया करणाऱ्या यंत्रणेचं (तिचा घाईचा भाग डीयू, निवांत भाग सीयू): किती काम टॉवरच्या पायथ्याशी ठेवायचं आणि किती उचलून एका जागी आणायचं.

साहेबांच्या स्लाइडवर सगळे डीयू आणि सीयू शिवाजीनगरच्या एकाच इमारतीत. टॉवरवर नुसता रेडिओ आणि खाली उतरणारी फायबर. दाखल्याला चायना मोबाइल आणि जपानचं राकुतेन. दाखले खोटे नाहीत, पण अर्धे आहेत. चायना मोबाइलने 2011 च्या सुमारास सी-रॅनची (बेसबँड एका जागी आणण्याच्या रचनेची) मांडणी केली तेव्हा त्यांचं मोठं दुखणं होतं वीजबिल, आणि त्यात टॉवरखालच्या खोलीतल्या एसीचा वाटा. राकुतेनने एप्रिल 2020 मध्ये सेवा सुरू केली ती जागोजागच्या एनटीटी या टेलिफोन कंपनीच्या एक्सचेंज इमारतींत डीयू बसवून, आणि तिथवर डार्क फायबर (टाकलेली, पण न वापरलेली) तयार होती. आपल्याकडे खंडाळ्याच्या वळणावर अशी इमारत नाही. फायबर आहे, पण ती कुठून कुठे जाते ते ट्रान्समिशनवाल्यांनाच विचारायला हवं.

साहेब म्हणाले, "मग आकडे घेऊन या." बरोबर आहे.

15 फेब्रुवारी

टीममधल्या नव्या पोरांना वाटतं, अँटेनाचे कच्चे सॅम्पल फायबरवर टाकायचे आणि बाकी सगळं पुण्यात करायचं, झालं. म्हणून फळ्यावर गणित मांडलं.

4जीचा 20 मेगाहर्ट्झचा सेल: सेकंदाला 3.072 कोटी सॅम्पल, प्रत्येकाचे आय आणि क्यू (सॅम्पलचे दोन घटक) असे 15–15 बिट, दोन अँटेना. वर कंट्रोलचे 16/15 आणि लाइन कोडिंगचे 10/8. उत्तर 2457.6 मेगाबिट. सीपीआरआय या रेडिओ–बेसबँड जोडणीच्या मानकातला तो ओळखीचा 2.4 गीगाबिटचा दर तो हाच. सेलमध्ये रात्री तीनला एकही मोबाइल नसला तरी फायबरवर एवढंच धावतं.

आता 5जी: 100 मेगाहर्ट्झला सेकंदाला 12.288 कोटी सॅम्पल आणि 64 अँटेना. वरचे सगळे अधिभार सोडून 236 गीगाबिट, तेही एका सेक्टरचे. पोरं गप्प झाली.

म्हणूनच काप, म्हणजे टॉवर आणि मध्यवर्ती जागा यांतली कामाची विभागणी, वर सरकवून थोडं काम टॉवरवरच ठेवावं लागलं. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या 3जीपीपीने आपल्या अभ्यासात 1 ते 8 असे कापाचे पर्याय मांडले होते. 8 म्हणजे सगळं मध्यवर्ती, टॉवरवर फक्त आरएफ (रेडिओचा भाग). 2 म्हणजे पीडीसीपी (पॅकेटं एन्क्रिप्ट करून क्रमाने लावणारा थर) वर आणि त्याखालचं सगळं टॉवरकडे. ओ-रॅन या संघटनेने फ्रंटहॉलसाठी (रेडिओ ते डीयू या जोडणीसाठी) उचलला तो 7.2एक्स: एफएफटी (सिग्नल फ्रीक्वेन्सींत फोडणं) आणि बीमफॉर्मिंग (तो मोबाइलच्या दिशेने वळवणं) रेडिओत, बाकीचं डीयूत. फायबरवर मग अँटेना मोजायच्या नाहीत, लेयर, म्हणजे एकाच वेळी जाणारे वेगवेगळे डेटा-प्रवाह, मोजायचे. 273 रिसोर्स ब्लॉक, प्रत्येकात 12 सबकॅरिअर, सेकंदाला 28,000 सिम्बॉल, 9 बिटांवर दाबलेले आय-क्यू: लेयरमागे साधारण 1.7 गीगाबिट. आठ लेयर म्हणजे 14 च्या आत, 25 गीगाच्या पोर्टात आरामात. सोळा लेयर म्हणजे 27, आणि पोर्ट पुन्हा अपुरा. मार्केटिंगच्या पत्रकात सोळा लेयर लिहिलेत. ते प्रकरण नंतर.

26 फेब्रुवारी

आजचा दिवस ओटीडीआरसोबत, म्हणजे प्रकाशाचा पल्स सोडून फायबरची लांबी मोजणाऱ्या यंत्रासोबत.

प्रकाशाला फायबरमध्ये किलोमीटरला साधारण 5 मायक्रोसेकंद लागतात. फ्रंटहॉलसाठी आम्ही एका बाजूचे 100 मायक्रोसेकंद धरलेत, म्हणजे सरळ भागाकाराने 20 किलोमीटर. वाटेतला प्रत्येक स्विच आपले काही मायक्रोसेकंद घेतो, आणि दुरुस्तीनंतर मार्ग लांबतो त्यासाठी राखीव ठेवायलाच हवं. हातात उरतात 15 किलोमीटर, आणि ते फायबरचे. गूगल मॅपवरच्या सरळ रेषेशी त्यांचा काही संबंध नाही.

शिवाजीनगरच्या रॅकमधून हिंजवडीकडच्या कोअरवर (केबलमधल्या एका फायबरवर) पल्स सोडला. पडद्यावर रेघ उतरत जाते, दर जॉइंटला एक बारीक पायरी. ही रिंग आधी चिंचवडकडे जाते आणि मग वळून हिंजवडीत शिरते, कारण ती घातली तेव्हा हिंजवडीत मागणीच नव्हती. त्यात प्रत्येक चेंबरमध्ये सुटी केबल गुंडाळून ठेवलेली. ती ठेवावीच लागते, नाहीतर पुढच्या वेळी तुटल्यावर जोडायला केबल आणायची कुठून? अशी वेटोळी जागोजागी साठत जातात. रेघ संपली तेव्हा कर्सर 20 च्या पुढे होता.

म्हणजे हिंजवडीचे डीयू शिवाजीनगरला बसत नाहीत. हिंजवडीला स्वतःचा हब, म्हणजे डीयू एकत्र ठेवायची जागा, लागेल. लोणावळ्याचा तर प्रश्नच मिटला.

ट्रान्समिशनच्या मॅडमना रूट विचारला की त्या आधी हसतात, मग फाइल काढतात. आजच्या फाइलमधल्या एका तुकड्यावर पेन्सिलने "रस्ता रुंदीकरण, तात्पुरते ओव्हरहेड" असं लिहिलेलं. शेरा बराच जुना, केबल अजून खांबावरच.

11 मार्च

साहेबांनी विचारलं, "फ्रंटहॉल नाही जमत तर शेड्युलर तरी पुण्यात ठेवा. एकाच डोक्याने सगळे सेल चालवले तर इंटरफेरन्स कमी होईल." शेड्युलर म्हणजे कोणत्या मोबाइलला कधी पाठवायचं ते ठरवणारा भाग. कल्पना चांगली, घड्याळ आडवं येतं. 30 किलोहर्ट्झच्या सबकॅरिअरवर स्लॉट अर्ध्या मिलिसेकंदाचा. पॅकेट चुकलं की पोचपावती पाहून ते पुन्हा पाठवायचं, हा हार्कचा खेळ काही स्लॉटांत उरकावा लागतो. 4जीमध्ये हे वेळापत्रक फारच कडक होतं: मोबाइलने पाठवल्यापासून चौथ्या मिलिसेकंदाला उत्तर, त्यातून प्रक्रियेला जेमतेम 3. 5जीत सवलत आहे, पण बफर वाढवून आणि वेग घालवून ती विकत घ्यायची.

पीडीसीपीला असली घाई नाही. पर्याय 2 च्या कापाला 1.5 ते 10 मिलिसेकंद चालतात. 64 किलोमीटरवरचं लोणावळं फायबरच्या हिशेबाने एका बाजूला अर्ध्या मिलिसेकंदाच्याही आत आहे. तेव्हा सीयू पुण्यात, याबद्दल वाद संपला. त्याचा खरा फायदा हँडओव्हरला (मोबाइल एका सेलवरून दुसऱ्यावर जातो तेव्हा): एका डीयूवरून दुसऱ्यावर जाताना सीयू तोच राहिला तर कोअर नेटवर्कला उठवावं लागत नाही.

14 मार्च

पूलिंगवरून खडाजंगी.

खरेदीवाल्यांचं म्हणणं असं: हिंजवडीत दिवसा गर्दी, संध्याकाळी तीच माणसं वाकडला आणि पिंपळे सौदागरला घरी. मग दोन्हीकडचे सेल एकाच पूलवर चालवा, सर्व्हर निम्मे लागतील. चिनी मांडणीतही हा भरती-ओहोटीचा मुद्दा होताच.

माझं म्हणणं नोंदवून ठेवतो. सर्व्हर निम्मे होत नाहीत. फिजिकल लेयरचं बरंच काम गर्दीवर अवलंबून नसतंच, ते कॅरिअरची रुंदी आणि अँटेना पाहतं. शिवाय चालू सेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर अलगद उचलून ठेवता आला तर पूल. आमच्या सध्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सेल सर्व्हरला आणि त्यातल्या अॅक्सिलरेटर कार्डाला बांधलेला असतो. तो हलवायचा म्हणजे सेल बंद करून पुन्हा चालू करायचा. रात्री दोनला ठीक, संध्याकाळी सातला कोण करेल?

पूलिंगचा फायदा आहे तो सीयूच्या युजर-प्लेनमध्ये (ग्राहकांचा डेटा वाहणाऱ्या भागात), कारण तिथे भार खरोखर रहदारीबरोबर चढतो-उतरतो. डीयूचे हब करा, पण सुटे भाग एका जागी राहतात, माणूस एका जागी जातो आणि शेजारी सेल एकमेकांशी बोलतात यासाठी. सर्व्हर वाचतील म्हणून नको. खरेदीवाल्यांना हे पटलं नाही. एक्सेलमध्ये त्यांनी पूलिंगचा गुणक तसाच ठेवलाय.

8 एप्रिल

उद्या पाडवा, निम्मं ऑफिस आजच रिकामं. शांतपणे बोगद्यांचं बघितलं.

द्रुतगती मार्गावर कामशेतच्या बोगद्यात गाडी ताशी 100 किलोमीटरने शिरते, सेकंदाला 28 मीटर. बाहेरच्या टॉवरचा सिग्नल तोंडाशी येऊन कोसळतो, आतला तिथेच सुरू होतो, आणि हँडओव्हरला मिळतो जेमतेम सेकंद-दोन सेकंदांचा अवधी. आत वेगळा सेल, बाहेर वेगळा, आणि दोघांचे डीयू वेगवेगळ्या ठिकाणी, ही सगळ्यात वाईट मांडणी.

उपाय: आतले रेडिओ आणि दोन्ही तोंडांवरचे रेडिओ मिळून एकच सेल. फ्रंटहॉल मल्टिप्लेक्सर डाउनलिंकचा (मोबाइलकडे जाणारा) तोच डेटा सगळ्यांना वाटतो आणि अपलिंक (मोबाइलकडून येणारा) एकत्र करून डीयूला देतो. हँडओव्हर मग उघड्या रस्त्यावर होतो, जिथे दोन्ही सेल बऱ्याच अंतरापर्यंत एकत्र ऐकू येतात. काळजी एकच: 30 किलोहर्ट्झला सायक्लिक प्रीफिक्स (उशिरा आलेल्या प्रती सामावून घेणारी मोकळीक) 2.3 मायक्रोसेकंदांचा, हवेत सुमारे 700 मीटर. रेडिओंमधला फायबरचा फरक भरून काढून सगळे एका ठेक्यात आणायला हवेत.

डीयू बोगद्याजवळच्या टॉवरवर. पुण्याच्या नजरेने पाहिलं तर हे विकेंद्रित, बोगद्यातून पाहिलं तर केंद्रित. मला हाच आकार योग्य वाटतो. एका जागेचे रेडिओ जितके एकमेकांत गुंतलेले, तितकंच केंद्रीकरण. घाटात मिसिंग लिंकच्या नव्या बोगद्यांचं काम चालूच आहे, तिथेही हाच नमुना लागेल.

6 मे

सोळा लेयरचं प्रकरण. मॅसिव्ह मायमोत (एका रेडिओवर डझनावारी अँटेना) अपलिंकला रेडिओ आंधळेपणाने बीम निवडतो आणि चॅनेलचा (हवेतल्या वाटेचा) खरा अंदाज डीयूकडे असतो. मोबाइल वेगात असला की अंदाज पोचेपर्यंत तो शिळा होतो. 2023 मध्ये ओ-रॅनच्या मानकाने चॅनेल-अंदाज आणि इक्वलायझेशनचं (वाटेत बिघडलेला सिग्नल सरळ करण्याचं) काम रेडिओत न्यायलाही वाट करून दिली. म्हणजे दहा वर्षं टॉवरवरून काम उचलून न्यायचं, आणि आता त्यातलं थोडं पुन्हा टॉवरवर. रेडिओ जड होणार, तापणार, महागणार. द्रुतगती मार्गालगत ते परवडेल, पेठांत गरज नाही, तिथे सगळे पायी.

सध्या आठ लेयर. मार्केटिंगला मेल केलाय.

20 मे

तळेगाव ते लोणावळा पट्ट्यातल्या काही टॉवरना फायबरच नाही. एका पुरवठादाराने ई-बँडचा प्रस्ताव दिला: 80 गीगाहर्ट्झच्या आसपासची हॉप (टॉवर ते टॉवर बिनतारी दुवा), 10 गीगाबिट, "म्हणजे फ्रंटहॉल सुद्धा चालेल". मे महिन्यातल्या डेमोत चाललंही.

पावसाचं गणित करून ठेवलं. ताशी 100 मिलिमीटरच्या सरीत 80 गीगाहर्ट्झला किलोमीटरमागे सुमारे 30 डेसिबल जातात. दोन किलोमीटरची हॉप म्हणजे 60, एवढा मार्जिन कोणाकडे नसतो. 15 गीगाहर्ट्झला त्याच सरीत किलोमीटरमागे 8 च्या आसपास. जुन्या 15 च्या हॉपवर फ्रंटहॉल मावत नाही, पण पर्याय 2 चा मिडहॉल (डीयू ते सीयू) मावतो, कारण त्यावर फक्त खरी रहदारी असते. आणि पावसात मॉड्युलेशन उतरलं तर वेग कमी होतो, सेल मरत नाही. फ्रंटहॉलला असं निम्म्यावर जगता येत नाही, एक तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही.

लोणावळ्याचा पाऊस पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. तरी बैठकीत सांगावं लागलं. ठरलं: फायबर नाही तिथे डीयू टॉवरवर, बंद कॅबिनेटमध्ये, -48 व्होल्टवर, एसीशिवाय.

24 जून

पाऊस धरला. ई-बँडचा डेमो लिंक अजून उभा आहे, दुपारच्या सरीत दोनदा गेला. खुन्नस म्हणून नाही, पण ग्राफ सगळ्यांना पाठवला.

9 जुलै

पहाटे फायबर तुटली. रस्त्याच्या कामावरचा जेसीबी, नेहमीचंच. हिंजवडी हबकडे जाणारी एक बाजू गेली, रिंगने दुसरी बाजू धरली. पण त्या बाजूने काही टॉवर हबपासून मायक्रोसेकंदांच्या बजेटच्या बाहेर गेले. लिंक चालू, पोर्ट हिरवे, आणि सेल बंद: डीयूची पॅकेटं रेडिओच्या खिडकीनंतर पोचतात, रेडिओ ती फेकून देतो. डीयूला जितकं दूर ठेवाल तितकं आधी पाठवावं लागतं, आणि किती आधी पाठवता येईल याला मर्यादा आहे. रिंगचं संरक्षण बॅकहॉलच्या (बेसबँड टॉवरवर, तिथून कोअर नेटवर्कपर्यंत फक्त जोडणी) काळातलं, त्याला मायक्रोसेकंद कळत नाहीत.

संध्याकाळपर्यंत जोडून झालं. स्प्लायसिंगवाला पोरगा चिखलात ताडपत्रीखाली बसून एकेक कोअर सोलत होता. कापडाने पुसायचा, अल्कोहोल लावायचा, क्लीव्ह करायचा आणि मशीनचं झाकण लावून श्वास धरायचा. पडद्यावर 0.02 डेसिबल आलं की पुढची कोअर.

10 जुलै

सेल सगळे वर, अलार्म एकही नाही, तरी एका टॉवरभोवती अपलिंकचा नॉइज चढलेला. दुपारपर्यंत सगळे अँटेनाच तपासत बसले.

कारण फायबरमध्येच होतं. दुरुस्तीत एका जोडीतली एक कोअर खराब निघाली, म्हणून ती शेजारच्या जुन्या केबलमधून फिरवली. जाणारी वाट आणि येणारी वाट यांत 200 मीटरचा फरक पडला. पीटीपी (फायबरवरून घड्याळं जुळवणारं तंत्र) दोन्ही दिशांचा वेळ सारखाच धरतं. 200 मीटर म्हणजे 1 मायक्रोसेकंद, त्याची निम्मी, 500 नॅनोसेकंद, थेट घड्याळाची चूक. टीडीडीत मोकळीक एकूण अधिक-उणे 1.5 मायक्रोसेकंदांची, आणि या टॉवरची बाकीची शिल्लक आधीच बहुतेक खर्च झालेली होती. पीटीपीला आपली चूक दिसत नाही, त्यामुळे अलार्म येणार कुठून? टॉवरवर जीपीएस रिसीव्हर नेऊन शेजारी ठेवला तेव्हा फरक दिसला.

डीयू टॉवरवर असता तर जीपीएसची अँटेना तिथेच असती आणि हा प्रकार घडलाच नसता. उलट घाटात, दरीत बसलेल्या टॉवरना आकाश कमी दिसतं आणि विजेने अँटेना जळतात, तिथे फायबरवरून वेळ आणणंच बरं. घड्याळाचा कल प्रत्येक जागी वेगळा, तो डीयूच्या जागेशी जुळेलच असं नाही.

करायचं: फ्रंटहॉलवर दोन कोअरऐवजी एकाच कोअरवरचे बायडी ऑप्टिक्स. दोन्ही दिशा एकाच काचेतून, लांबीचा फरक पडायला जागा नाही. प्रत्येक जोडणीनंतर टॉवरवर वेळ मोजल्याशिवाय काम पूर्ण धरायचं नाही, हे ठेकेदाराच्या कागदात घातलं.

29 जुलै

आजच्या बैठकीत खरा पेच निघाला.

9 तारखेनंतर साहेब एकदम दुसऱ्या टोकाला गेले: "एक हब बसला की अख्खं उपनगर बसणार, मला नको." त्यांनी सुचवलं, शेजारशेजारचे टॉवर आलटून पालटून दोन हबवर टांगा. एक हब गेला तरी एकाआड एक टॉवर जिवंत. कव्हरेजच्या दृष्टीने अगदी बरोबर. पण मग शेजारी सेल कधीच एका डीयूवर येणार नाहीत, आणि हब करण्याचं आमचं सगळ्यात मोठं कारण, शेजाऱ्यांचा अपलिंक एकत्र ऐकणं, कॅरिअर अॅग्रिगेशन (अनेक कॅरिअर जोडून वेग वाढवणं), तेच निघून जाईल. एकत्र काम करायला शेजारी एका छताखाली हवेत, आणि छत कोसळण्याच्या भीतीने ते वेगळ्या छतांखाली हवेत. दोन्ही मिळत नाही.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग ट्रान्समिशनच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, सगळं 5जीनेच का सांभाळायचं? 4जीचा कमी फ्रीक्वेन्सीचा थर आहे ना टॉवरवर, त्याचा बेसबँड तिथेच, त्याची वाट वेगळी. हब गेला तर वेग जाईल, फोन नाही जाणार." एवढ्या साध्या बोलण्याने गाठ सुटली. अट एकच, दोन्ही थरांची फायबर एकाच खंदकातून जाता कामा नये. त्याची यादी करायला घेतली. यादी लांब आहे.

ठरलेली मांडणी: पेठा आणि शिवाजीनगर, शेजारी एकाच हबवर, खाली 4जी स्वतंत्र. हिंजवडी–वाकड, स्वतःचा हब, पण रिंगच्या लांब बाजूने बजेटबाहेर जाणारे टॉवर त्यातून वगळून डीयू टॉवरवर. कामशेत बोगदा, आपला छोटा पुंजका. घाट आणि लोणावळा, सगळे टॉवरवर. सीयू पुण्यात, जोडीला दुसऱ्या इमारतीत राखीव. खोपोलीचं अजून ठरत नाही, तिथली फायबर मुंबईच्या बाजूने येते आणि तो विभाग आमचा नाही.

2 सप्टेंबर

शनिवारी गणपती बसतील. पेठांचा हब चालू, सगळे सेल वर.

खरेदीवाल्यांचा पूलिंगचा गुणक पेठांसाठी काढून टाकायला लावला. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड, सगळीकडे एकाच वेळी शिगोशिग गर्दी. ओहोटी कुठेच नाही, मग उसनं कोणाकडून घेणार? गर्दी अपलिंकची, प्रत्येक जण मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवणार. अशा वेळी एका मोबाइलचा आवाज तीन सेलना ऐकू येतो. वेगळ्या डीयूंवर तो दोघांसाठी निव्वळ गोंगाट. एका डीयूवर तिन्ही कानांनी ऐकून एकच उत्तर काढता येतं. हबने पेठांत आपली जागा कमवायची ती इथे.

अलका चौकाजवळच्या दोन सेक्टरवर हे जॉइंट रिसेप्शन कालपासून चालू ठेवलंय, बाकीचे उद्या. त्यानंतर 17 तारखेच्या अनंत चतुर्दशीपर्यंत, आणि मिरवणूक संपेपर्यंत, पेठांत कोणताही बदल नाही. हबच्या डीजीचं (जनरेटरचं) डिझेल भरलंय, बॅटरी तपासल्यात. तळेगावच्या कॅबिनेटची ऑर्डर आज गेली, घाटातली कॅबिनेटं पाऊस ओसरल्यावर. खोपोलीच्या फायबरसाठी मुंबईच्या विभागाला पुन्हा मेल.